टेकडाउन रिकर्व्हचे लिम्ब बसवताना या चुका टाळा

टेकडाउन रिकर्व्ह म्हणजे सुटे भाग जोडून तयार होणारं धनुष्य. मधला मुठीचा भाग तो रायझर आणि त्याला वर-खाली बसणाऱ्या लवचिक पात्या म्हणजे लिम्ब. हे लिम्ब नीट बसलेत का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच कुणाला द्यायची नसतात. मैदानावर आलं की बॅग उघडायची, लिम्ब कोंबायचे, दोरी चढवायची, नेम धरायचा. बाण भलतीकडे गेले की हात थेट साइटला, म्हणजे नेम धरायच्या साधनाला.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे लिम्ब हलतो म्हणून घाबरणं. आयएलएफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या रायझरला चालणाऱ्या प्रमाणित जोडणीचा लिम्ब दोरी नसताना पॉकेटमध्ये, म्हणजे रायझरवरच्या त्याच्या खोबणीत, थोडा खुळखुळतोच. त्याचं बेचकं बोल्टच्या डोक्याखाली गेलं, त्याच्या मुळाशी असलेला छोटा खुंटा (डव्हटेल) खाचेत 'टक्' करून बसला, की काम झालं. दोरीचा ताण आला की लिम्ब आपोआप घट्ट बसतो.

डिचोलीच्या एका मुलाने ही खुळखुळ थांबवायला खालच्या पॉकेटमध्ये पुठ्ठ्याची घडी घातली होती. जुलैची ओल लागून पुठ्ठा एका बाजूने फुगला. बाण सगळे एकीकडे जाऊ लागले आणि हा साइट सरकवत राहिला, ती टोकाला जाईपर्यंत. मी मागे उभं राहून पाहिलं, तर दोरी वरच्या बोल्टच्या मधोमध होती आणि खालच्या बोल्टच्या कडेवरून जात होती. थांब म्हटलं, तर "सर, एवढा राउंड संपवतो." पुढच्या एका बाणाला दोरी खालच्या टोकाच्या खाचेतून सुटली, लिम्ब पिळवटून उलटला आणि टोकापाशी त्याचे थर उकलले. डोळा वाचला, लिम्ब गेला.

म्हणून माझी सवय अशी: स्ट्रिंगरनेच, म्हणजे धनुष्य वाकवायच्या खास दोरीनेच, दोरी चढवायची, पाय अडकवून नाही. मग धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवायचं, एक डोळा मिटायचा आणि दोरी वरच्या आणि खालच्या प्रत्येक बोल्टच्या मधोमध दिसतेय का ते पाहायचं. नसेल तर साइटला हात लावायचा नाही. धनुष्य उतरवून आधी पॉकेट पुसायचं. आपल्याकडची तांबडी माती तिथे हमखास सापडते. तरीही फरक राहिला, तरच रायझरची लॅटरल अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे लिम्ब डावी-उजवीकडे किंचित सरकवायची सोय, वापरायची.

दुसरं दुखणं लाकडी रायझरचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पॉकेट आवळतं, आणि लोक लिम्ब हातोडीने ठोकतात. ठोकू नका. धनुष्य कोरड्या खोलीत काही दिवस ठेवा. लिम्ब बोल्टने आवळून बसवायच्या अशा धनुष्याला आधी लिम्ब टेकवा, मग बोल्ट बोटांनी आवळा. पक्कड कशाला?

बाकीचं थोडक्यात. वरचा आणि खालचा लिम्ब अदलाबदल करू नका, खुणा वाचा. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर काढू नका, जोर हलका करायचा म्हणूनही नाही. टिलर, म्हणजे लिम्बच्या मुळापासून दोरीपर्यंतच्या वरच्या आणि खालच्या अंतरातला फरक, प्रत्येक वेळी मोजा. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवून ओढणाऱ्यांत वरचं अंतर साधारण 0 ते 6 मिमी जास्त असतं. आकडा एकदम बदलला, तर लिम्ब बसलेला नाही. बाणाविना दोरी सोडणं तर नकोच.

पॉकेट स्वच्छ, बोल्ट बरोबर आणि तरीही दोरी बाजूला पळत असेल, तर लिम्बच पिळला असू शकतो. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या लिम्बांचं असं होतं. गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे उपाय करू नका. जाणकाराला दाखवा, आणि तोवर ते धनुष्य ओढू नका.