हृदय कमजोर असलेल्या मुलाची झोप आणि श्वासाचं मशीन : या चुका टाळा

हृदयाचा पंप कमजोर असलेल्या मुलाचं काही बिनसतंय, हे बऱ्याचदा आधी रात्री कळतं. मूल आडवं झालं की पायांकडचं, पोटाकडचं रक्त छातीकडे जास्त येतं. हृदयाला ते पुढे रेटता येत नाही आणि फुप्फुसांत पाणी धरायला लागतं. मग खोकला, धाप, सारखं रडून उठणं. घरात तोवर निदान ठरलेलं असतं: सर्दी झालीय, नाहीतर दात येताहेत.

झोप लागावी म्हणून सिरप

मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं सर्दीचं सिरप हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. त्यातलं क्लोरफेनिरामिन गुंगी आणतं, फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे दमलेल्या हृदयावरचा भार वाढवायचा आणि मुलाला गुंगीत ठेवून त्याची धडपडही दिसू द्यायची नाही. ही दोन औषधं एकत्र असलेलं सिरप ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं. तो इशारा हृदय धडधाकट असलेल्या मुलांसाठीही आहे.

श्वास अंदाजाने बघणं

'जरा भरभर घेतोय' याला काही अर्थ नाही. मूल गाढ झोपलेलं असताना अंगावरचं पांघरूण बाजूला करा, पोट वर आलं की एक, असं पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्यांचा श्वास मुळातच अनियमित असतो. २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगवान. पण खरा उपयोग होतो तो आपल्या मुलाच्या नेहमीच्या आकड्याचा. रोज रात्री तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. एरवी ३८ असणारं वर्षाखालचं मूल दोन रात्री ४८ वर असेल, तर वर दिलेल्या मर्यादेत बसतंय म्हणून गप्प राहू नका, फोन करा.

दूध पिताना कपाळावर घाम डबडबणं, चार घोट घेऊन थांबणं, पुन्हा ओढणं, पिता पिता दमून झोपणं ही त्याच आजाराची दिवसाची बाजू. आजी म्हणते, उकडतंय त्याला, पंखा लाव. पंखा लावा, पण डॉक्टरांनाही सांगा.

श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबत असेल, किंवा वाढत वाढत जाऊन मंदावत थांबत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा. ओपीडीत मूल टक्क जागं असतं आणि तोंडी वर्णनातून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. थांबलेला श्वास हलवूनही सुरू होत नसेल किंवा मूल निळं पडत असेल, तर मात्र व्हिडिओत वेळ घालवायचा नाही, थेट १०८ ला फोन करायचा.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय

नाही. घोरणं म्हणजे श्वासाची वाट अरुंद झालीय. डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मुलांत हे फार निसटतं. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रासही सर्रास असतो. ऑक्सिजन रोज रात्री खाली-वर होत राहिला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. अशा मुलांची चौथ्या वर्षापर्यंत झोपेची तपासणी व्हावी, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे ती आठवणीने मागून घ्यावी लागते.

आणखी एक लिटर ऑक्सिजन

या चुकीमागे प्रेमच असतं. ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० दिसला की हात कॉन्सन्ट्रेटरच्या, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मशीनच्या, नॉबकडे जातो. पण ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला डोस असतो. हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर जास्तीच्या ऑक्सिजनने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, छिद्रातून आणखी रक्त तिकडे वळतं आणि धाप कमी व्हायच्या ऐवजी वाढते. एकच कप्पा पंपाचं काम करणाऱ्या काही बाळांत, पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत, ७५ ते ८५ हाच ठरवलेला आकडा असतो. डिस्चार्जच्या कागदावर तुमच्या मुलाचा आकडा लिहिलेला नसेल, तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

आधी ऑक्सिमीटरही तपासा. मोठ्यांची क्लिप तान्ह्याच्या बोटाला लावली, पाय गार असला, बाळ लाथा मारत असलं की आकडा भलताच येतो. लहान मुलांचा प्रोब तळपायाला गुंडाळतात. शिवाय आकडा चांगला असूनही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. तो यात दिसतच नाही. सकाळी डोकं दुखणं, उठवूनही उठायला जड जाणं हे त्याचे इशारे.

आजोबांचं मशीन नातवाला

सीपॅप किंवा बायपॅप हे श्वासाचं मशीन मास्कमधून हवेचा दाब देतं. त्याने फुप्फुसं उघडी राहतात, श्वासासाठीची मेहनत वाचते आणि डाव्या कप्प्याला रक्त ढकलणंही हलकं जातं. मात्र हाच दाब छातीकडे परतणारं रक्त थोडं अडवतो. एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठीची फॉन्टान शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत रक्त पंपाशिवाय, नुसतं वाहत फुप्फुसांत जातं, त्यामुळे तिथे दाब जपून ठरवावा लागतो. मोडचं, म्हणजे मशीन कोणत्या पद्धतीने दाब देतं, त्याचंही तसंच. २०१५ च्या 'सर्व्ह-एचएफ' या १,३२५ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात, हृदय कमजोर आणि झोपेत मेंदूकडून श्वासाचा हुकूम थांबण्याचा त्रास असलेल्यांना एका विशिष्ट मोडचं मशीन दिलं, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. अभ्यास मोठ्यांचा आहे, पण घरातलं मशीन उचलून मुलाला लावू नये, हे पटायला पुरेसा आहे.

मास्कच्या बाबतीत लोक पट्टे आवळतात. नाकावर लाल वळ उठतो, मग फोड येतो, मग मूल मास्क बघताच किंचाळतं. मास्क पट्ट्यांनी नाही, मापाने बसतो. त्यावरची बारीक भोकं 'हवा गळतेय' म्हणून चिकटपट्टीने कधीच बुजवू नका, श्वास बाहेर जायची वाट तीच. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला तोंड झाकणारा मास्क फार जपून. आत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. वर ठेवलं की नळीत जमलेलं पाणी पहाटे गुळगुळत नाकात येतं.

बाकीचं थोडक्यात

वर्षाखालच्या बाळाला उशी नको. डोकं उंच ठेवायचं का, कसं, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. साडीच्या झोळीत मान छातीवर दुमडते, म्हणून तीही नको. ओवा-वावडिंगाची धुरी बंद. संध्याकाळी उशिरा दिलेल्या फ्युरोसेमाइडने (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध) मोठं मूल रात्रभर लघवीला उठतं. दुसरा डोस दुपारी चालेल का विचारा, पण चुकवू नका. कॉन्सन्ट्रेटर तीन-चारशे वॅट खातो, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवर विसंबू नका, भरलेला सिलिंडर जवळ ठेवा.

दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हल्यासारखा आवाज, ओठ नेहमीपेक्षा निळे, दूध पूर्ण बंद, हलवूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. जाताना मशीन, त्याचाच मास्क आणि नळी, डिस्चार्जचा कागद बरोबर घ्या, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते त्यावर लिहा.