मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्लॅटमधला कुत्रा: दुपारची सोय

मे महिन्यात परभणी, नांदेड, संभाजीनगरला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि घरची माणसे नऊ ते सहा कामावर असतात. कुत्र्याला खरा धोका असतो तो कोंडलेल्या हवेचा. त्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता येतो. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचे पाणी सुकवून बाहेर टाकतो. म्हणूनच कोरड्या अंगाच्या कुत्र्याला नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग होत नाही.

आधी खोली ठरवा. गच्चीखालची आणि पश्चिमेची खोली नको, बाल्कनी तर नकोच. उत्तरेची किंवा पूर्वेची खोली घ्या, सतरंजी उचलून फरशी मोकळी ठेवा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम चालतो, पण तो खिडकीत बसवून बाहेरची हवा आत घ्यायला हवी आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटे उघडे हवे. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात हवा दमट होते, जिभेवरचे पाणी सुकत नाही आणि धाप वाढते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलरचा हाच दोष उघड्या खिडकीतही दिसतो. तेव्हा पंखा आणि ओली फरशी बरी.

सकाळी भरलेली कूलरची टाकी किती तास पुरते, हे सुट्टीच्या दिवशी बघून ठेवा. पाणी संपले की पंप कोरडा फिरून जळतो आणि खोलीत गरम वाऱ्याचा झोत सुरू होतो. पाण्याची सोय असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी कमी झाले की टाकी आपोआप भरणारा नळ) बसवून घ्या. वायर भिंतीला क्लिपा मारून वर न्या. पिल्ले ती हमखास चावतात.

कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागते. उन्हाळ्यात दुप्पट धरा. २५ किलोच्या लॅब्राडोरसाठी ३ लिटर पाणी दोन पसरट मातीच्या भांड्यांत, दोन कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे एक सांडले तरी दुसरे राहते. मातीचे भांडे पाझरते म्हणून पाणी गार राहते; पण रोज घासले नाही तर बुळबुळीत थर धरतो आणि कुत्रा तोंड लावत नाही. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर लिटरभर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळा आणि ओल्या गोणपाटाशेजारी ठेवा. गोणपाट पोटाखाली हवे. पाठीवर पांघरले तर उष्णता आतच अडकते.

जेवण सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री. भाकरी पातळ ताकात कुस्करून चालते, त्यात मीठ-मसाला नको. कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका मुळीच नको. फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर थांबा. सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ तापलेले असते.

पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धापच नीट टाकता येत नाही. त्यांना दुपारभर एकटे ठेवू नका. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या आणि दोन वाजता एक फेरी मारायला सांगा.

जीभ रुंद होऊन गडद लाल झाली, तारेसारखी चिकट लाळ गळू लागली, हिरड्या विटकरी दिसल्या, चाल अडखळली, तर तो उष्माघात समजा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले की एक मिनिटही दवडू नका. लगेच पोट, काखा, जांघा भिजवा आणि पंखा लावा. इथे एक चूक फार होते: गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी अंग भाजण्याइतके तापलेले असते आणि घाईत तोच नळ उघडला जातो. म्हणून बाथरूममध्ये सकाळीच दोन बादल्या भरून झाकून ठेवा. गुदद्वारातून तापमान मोजत राहा आणि १०३ ला पाणी थांबवा, नाहीतर अंग प्रमाणाबाहेर गार पडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. माणसांची तापाची गोळी देऊ नका.

कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू शकतो. बरेच दवाखाने दुपारी बंद असतात. दुपारी कोण उपलब्ध असते हे एप्रिलमध्येच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथल्या वेळाही आधीच विचारून ठेवा.