गाडीच्या दरवाजाचा जुना रंग काढताना

रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा की नाही, हे मशीन हातात घेण्याआधी ठरवा. कंपनीच्या रंगाची सगळ्या थरांसकट जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते. त्यात सर्वांत खाली जेमतेम 20 मायक्रॉनचा ई-कोट असतो, आणि गंज मुख्यतः तोच अडवतो. अख्खी बॉडी टाकीत बुडवून, वीज सोडून आणि मग भट्टीत भाजून तो बसवलेला असतो. गॅरेजमध्ये तसा थर पुन्हा चढवता येत नाही. त्यामुळे घट्ट धरलेल्या रंगाला हात लावू नका. डेंटभोवतीचा, गंजाच्या फुग्यांखालचा आणि मागच्या दुरुस्तीतला कच्चा रंग मात्र काढायलाच हवा.

कच्चा रंग ओळखायला कापड थिनरमध्ये भिजवून दरवाजाच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. भट्टीतला रंग जागचा हलत नाही. कापडाला रंग लागला किंवा पृष्ठभाग सुरकुतला, तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा सिंथेटिक, म्हणजे भट्टीत न भाजता वाळलेला रंग समजा. तो तसाच ठेवून वर नवा रंग मारलात, तर नव्या रंगातले थिनर खालचा थर फुगवते आणि दुरुस्तीची कड उठून दिसते. जाडी मोजायचे मीटर असेल तर 250 मायक्रॉनच्या पुढचा आकडा बहुधा आधीचे रंगकाम दाखवतो, हजाराच्या पुढे खाली पुट्टी, म्हणजे खड्डा भरायचा लगदा. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

आता दरवाजा साबणाने धुऊन वाळवा आणि ग्रीस रिमूव्हरने पुसा: एका ओल्या कापडाने पुसायचे आणि द्रव उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यायचे. ही पायरी टाळली की पॉलिशमधले मेण आणि सिलिकॉन घासण्याच्या चरांत बसते, आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

घासायला डीए सँडर (डिस्क फिरता फिरता डगमगणारे घासायचे मशीन) आणि 80 नंबरचा पॉलिशपेपर घ्या; नंबर जितका कमी तितका पेपर खरखरीत. डिस्क पत्र्यावर सपाट टेकवा, दाब हलका ठेवा आणि हात सतत फिरता असू द्या. चार इंची ग्राइंडरने काम झटपट होते, पण तो मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि दरवाजाचा पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर असतो. एकाच जागी तो टेकून राहिला की पत्रा तापून ताणला जातो, मग बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. तो डेंट मूळ डेंटपेक्षा अवघड. ग्राइंडर वापरायचाच असेल तर नायलॉनची स्ट्रिपिंग डिस्क लावा आणि काचेवर जाड कापड टाका, कारण ठिणग्या काचेत रुततात. दरवाजावरच्या उठावदार रेषेवर आणि कडांवर मशीन नको, तिथे हातानेच पेपर मारा.

पत्रा दिसू लागला की सभोवतालच्या रंगाची कड उतरती करायची: आधी 120, मग 180, शेवटी 320. प्रत्येक थराचे कडे झाडाच्या खोडासारखे वेगळे दिसले पाहिजे, आणि एकेका कड्याची रुंदी किमान 5 मिलिमीटर हवी. नख फिरवून बघा. नखाला पायरी लागली तर ती रंगाखालूनही दिसेल.

संपूर्ण दरवाजा सोलायचा असेल तरच पेंट रिमूव्हर. सांधे आणि कडा 2 इंचांपर्यंत अॅल्युमिनियमच्या टेपने झाका, कारण फटीत शिरलेले रसायन धुऊन निघत नाही आणि महिन्यांनी तिथून रंग सोडवते. क्लिअर कोटवर, म्हणजे सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर, 80 नंबरने ओरखडे पाडा, रिमूव्हरच्या जेलचा जाड थर एकाच दिशेने लावा आणि वर प्लास्टिकचा कागद टाका. 10-15 मिनिटांत रंग फुगला की बोथट पात्याने ओढा, उरलेल्यावर दुसरा थर द्या आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा. प्लास्टिकचा बंपर, फायबर आणि जुनी पुट्टी यांना हे चालत नाही. डायक्लोरोमिथेन हे रंग विरघळवणारे रसायन असलेल्या रिमूव्हरची वाफ कापडी मास्क अडवत नाही आणि ती खोलगट जागी साचते, त्यामुळे काम उघड्यावरच करा. पातळ नायट्राइलचे मोजेही त्यापुढे काही मिनिटेच टिकतात.

गंजाचे काळे ठिपके राहिले असतील तर तारेच्या ब्रशवर विसंबू नका. तो गंजाला नुसती चकाकी आणतो. 80 नंबरने खड्ड्याच्या तळापर्यंत जा. पत्रा आरपार गेला असेल तर तुकडा कापून नवा जोडावा लागेल.

उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामातल्या क्षारांचे ठसे गंजतात. पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, काही तासांत तांबूस झाक येते. म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टीवर पाणी लावून पेपर मारायची आपल्याकडची सवय मात्र सोडाच; पुट्टी पाणी पिते आणि वर्षभरात तिथेच फुगे येतात. प्रायमर मारण्याआधी दरवाजाच्या तळाची पाणी जाणारी छिद्रे बारीक तारेने मोकळी करा. घासकामाची धूळ तिथे साचते, आणि पुढच्या पावसात गंज आतल्या बाजूने सुरू होतो.