घरट्यावर डल्ला कोणी मारला?

घरटं रिकामं दिसलं की सगळे आधी मांजराला बोल लावतात. मी आधी घरटं नीट बघते. चोर ओळखला नाही तर बंदोबस्त भलत्याचाच होतो.

घरटं उसकटलेलं, खाली पिसं विखुरलेली असली तर मांजर. घरटं जसंच्या तसं, पण अंडी-पिल्लं सगळी गायब आणि टरफलाचा कपटाही नाही, तर माझा संशय सापावर. तो अख्खं गिळतो. कावळाही अंडं उचलून नेतो, पण बरेचदा आतलं अस्तर ओढून काढतो. टरफलाच्या कडा कुरतडलेल्या असतील तर उंदीर किंवा खार. हो, खारसुद्धा! तिच्या झुपकेदार शेपटीला भुलू नका. भारद्वाज आणि टकाचोर हे पक्षीही त्यातलेच. खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून वेळ बघायची: रात्रीतून सफाया झाला असेल तर कावळा बहुधा निर्दोष. आणि घरट्यापासून लांब टरफलाचा रिकामा अर्धा भाग सापडला तर घाबरू नका, पिल्लू बाहेर आल्यावर आईबाप टरफलं स्वतःच लांब नेऊन टाकतात.

मांजर घरचं असेल तर पिल्लं उडेपर्यंत त्याला घरात ठेवा, निदान पहाटे आणि तिन्हीसांजेला. गळ्यातली घंटा उडत्या पाखराला सावध करते. घरट्यातलं पिल्लू ती ऐकून जाणार कुठे? बाहेरच्या मांजरासाठी खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा, ६० सेंमी तरी रुंद आणि मांजराची उडी पोचणार नाही इतका वर. शेजारची भिंत किंवा फांदी जवळ असेल तर मात्र पत्र्याचा उपयोग शून्य. खोडाला ग्रीस फासू नका, ते पिसांना चिकटतं. जाळीही नको, तिच्यात पक्षी अडकतात, साप अडकतात.

सापाला मारायचं कारण नाही. लाकडांचा ढीग आणि अडगळ हलवली की उंदीर कमी होतात, मग सापालाही तिथे काम उरत नाही. उष्टं-खरकटं झाकून ठेवलं तर कावळ्यांचा राबताही कमी होतो.

चिमणीसाठी लाकडी पेटी लावत असाल तर भोक ३२ मिमी पुरे, आणि भोकापासून तळ किमान १२ सेंमी खोल, म्हणजे पंजा आत पोचत नाही. भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका, खार ते कुरतडून मोठं करू शकणार नाही. बाहेर बसायला दांडी मुळीच नको. चिमणीला ती लागत नाही, चोराला मात्र पाय टेकायला जागा मिळते.

सगळ्यांत अवघड काम आपल्याला स्वतःला आवरायचं. फोटोसाठी दर तासाला फांद्या बाजूला करणारे लोक कावळ्याला पत्ताच देतात. घरट्याभोवतीची पानं छाटू नका, लांबूनच बघा.

लूट झाली तरी पक्षी बरेचदा जवळपासच पुन्हा घरटं बांधतात, तेव्हा पत्रा हंगाम संपेपर्यंत राहू द्या. नंतर मात्र काढाच, नाहीतर वाढत्या खोडाला तो काचतो.