झेंडूचा शेंडा खुडताना हात आखडू नका

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर दसऱ्यापासून तीन महिने मागे मोजा आणि तेव्हा बी टाका. गेल्या वर्षीच्या तोरणातलं वाळकं फूल कुस्करलं तरी चालतं. खाली काळी आणि वर फिकट शेपटी असलेल्या काड्या म्हणजेच बी. मात्र मूळ फूल संकरित जातीचं असेल तर पुढची फुलं तशीच टपोरी येतील याची खात्री नाही.

रोपं चार-पाच पानांची झाली की दहा-बारा इंची कुंडीत एकच लावा. दोन लावायचा मोह होतो, पण आवरा. लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी, झाड वीतभर झालं की मधला शेंडा वरच्या दोन पानांसकट नखाने खुडा. पहिली कळी दिसत असली तरी खुडाच. इथेच बहुतेकांचा हात आखडतो, माझाही आखडायचा. पण तसं सोडलेलं झाड काठीसारखं सरळ वाढतं, वर एक मोठं फूल येतं आणि पावसाच्या सरीत आडवं होतं. खुडलेल्या झाडाला आठवड्याभरात पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात. फुलं थोडी उशिरा येतात, पण भरपूर.

खुडलेला शेंडा टाकू नका, खालची पानं काढून सावलीत ओल्या मातीत खोचा. तोही रुजतो. शेणखत बेताचंच द्या, फार दिलं तर नुसता पालाच माजतो.