बाडेनला बिऱ्हाड मांडताना

झ्युरिकपासून रेल्वेने पाऊण तासाच्याही आत, लिमात नदीच्या वळणावर स्वित्झर्लंडमधलं बाडेन आहे. ब्राउन बोव्हेरी कंपनी १८९१ मध्ये इथेच निघाली आणि १९८८ मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीशी एकत्र येऊन तिची एबीबी झाली. वीजयंत्रांच्या कामासाठी आपल्याकडचे इंजिनिअर या भागात येतात ते त्यामुळेच. गाव लहान आहे आणि कारभार शिस्तीचा. कागद योग्य क्रमाने केले तर काहीच अडत नाही. क्रम चुकला की एका कागदासाठी दुसरा अडतो आणि महिना जातो.

घराचा करार सगळ्यात आधी. आल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि कामावर रुजू होण्यापूर्वी, नगरपालिकेच्या रहिवासी कार्यालयात नोंद करावी लागते. पत्त्याशिवाय ती नोंद होत नाही. पासपोर्ट, व्हिसा, घराचा आणि नोकरीचा करार, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सगळं मूळ प्रतींत न्या. कोणत्या दाखल्यावर कसलं प्रमाणीकरण लागेल हे भारतातून निघण्यापूर्वीच कार्यालयाला ईमेलने विचारून घ्या, कारण तिथे पोचल्यावर मागून प्रमाणीकरण करून घेणं फार जिकिरीचं होतं. अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे आणि हा कर ठरावीक मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांकडूनच घेतला जातो. त्यामुळे हिंदू असाल तर तसंच लिहा, उगाच घाबरून रकाना रिकामा सोडू नका.

नोंद झाली की त्याच दिवशी टपालपेटीवर नाव लावा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. राहण्याच्या परवान्याचं कार्ड, बँकेचा पिन, विम्याचे कागद सगळं टपालानेच येतं, त्यामुळे या एका चिठ्ठीवाचून बरंच काही अडतं.

आरोग्यविमा तीन महिन्यांत घ्यायचा असतो. अडीच महिने थांबलं तर तेवढा हप्ता वाचेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. विमा आल्याच्या तारखेपासूनच लागू होतो आणि मागचे सगळे हप्ते एकदम भरावे लागतात. मुदत उलटून गेली तर विमा घेतल्या दिवसापासूनच लागू होतो आणि हप्त्यावर दंडाची रक्कम बसते. मूळ विम्यात मिळणारे उपचार सगळ्या कंपन्यांकडे सारखेच असतात कारण ते कायद्यानेच ठरलेले आहेत, म्हणून हप्ता कमी असलेली कंपनी निवडायला हरकत नाही. विचार करायचा तो स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेचा. प्रौढांसाठी ती वर्षाला ३०० पासून २५०० फ्रँकपर्यंत निवडता येते. त्यानंतरच्या खर्चाचे दहा टक्के, वर्षाला ७०० फ्रँकपर्यंत, तुमच्याकडेच राहतात. प्रकृती ठणठणीत असेल तर २५००, नियमित औषधं चालू असतील तर ३००. मधल्या रकमा सहसा कुणाच्याच फायद्याच्या ठरत नाहीत. नेहमीचे दातांचे उपचार या विम्यात बसत नाहीत, तेव्हा दातांची कामं भारतातच उरकून निघा.

गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्स १२ महिन्यांत बदलून घ्यावं लागतं आणि त्यासाठी परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते. संधी एकदाच मिळते. नापास झालात तर त्या लायसन्सवर स्वित्झर्लंडमध्ये गाडी चालवता येत नाही आणि शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते. बहुतेकांचा घोळ उजवीकडून येणाऱ्या वाहनापाशी होतो. गल्लीत पाटी नसेल तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवर का असेना. इथल्या शिक्षकाकडे दोन-तीन तास घेतले तर ते पैसे वाया जात नाहीत.

घरात

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. ती घरमालकाच्या खिशात जात नाही, तुमच्या नावाच्या गोठवलेल्या खात्यात राहते. चावी घेताना घरातल्या दोषांची यादी दोघांच्या सहीने होते. टाइलचा टवका, दाराचा ओरखडा, बेसिनचा डाग, काहीही सोडू नका. कोणत्या वस्तूचं आयुष्य किती, याचं कोष्टक इथे वापरलं जातं. भिंतीच्या साध्या रंगाचं आयुष्य त्यात आठ वर्षं धरलेलं आहे. रंग आठ वर्षांहून जुना असेल तर तेलकट झालेल्या भिंतीचे पैसे सहसा तुमच्याकडून मागता येत नाहीत. हळदीने पिवळा झालेला ओटा मात्र महागात पडू शकतो. फोडणीच्या आधी पंखा लावा आणि त्याची जाळी महिन्याला गरम पाण्यात धुवा.

पुष्कळ इमारतींत कपडे धुण्याची खोली तळघरात सामाईक असते आणि प्रत्येक घराचा वार लावलेला असतो. दुसऱ्याच्या वारी मशीन लावलं की शेजाऱ्याशी पहिलं भांडण नक्की. आपलं धुऊन झाल्यावर ड्रायरच्या जाळीतला कापसासारखा लगदा काढा, साबणाचा कप्पा धुवा, दाराचं रबर आणि फरशी पुसा. रविवारी आणि रात्री दहानंतर मशीन, ड्रिल, काचेच्या बाटल्या टाकणं, सगळं बंद.

कचऱ्यासाठी गावाने ठरवलेली पैसे भरलेली पिशवी किंवा चिकटपट्टी घ्यावी लागते, साध्या पिशवीतला कचरा उचलत नाहीत. म्हणून वर्गीकरणाचा थेट फायदा होतो. काच पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगळी टाकायची आणि निळी-लाल बाटली हिरव्यात. पेयांच्या पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्या चेपून, झाकण लावून सुपरमार्केटच्या पेटीत. तेलाची बाटली त्यात कधीही नाही, तेलामुळे बाकीचं प्लास्टिकही खराब होतं. पुरीचं उरलेलं तेल सिंकमध्ये न ओतता संकलन केंद्रावर न्या. जुना मिक्सर दुकानात फुकट परत घेतात, कारण नवा घेताना ते शुल्क आधीच भरलेलं असतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता सगळीकडे भोंगे वाजतात. ती धोक्याच्या भोंग्यांची वार्षिक चाचणी असते. अणुदुर्घटनेच्या वेळी घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्यांची डबी मिळाली तर तीही सांभाळून ठेवा. बेत्स्नाऊचं अणुवीजकेंद्र जवळच आहे आणि अशा केंद्रांच्या ५० किलोमीटरच्या आतल्या घरांना त्या वाटल्या जातात. आदेश आल्याशिवाय घ्यायच्या नसतात.

गाव बघायला

स्टेशनपासून निघा. देशातली पहिली अंतर्गत रेल्वे ९ ऑगस्ट १८४७ ला झ्युरिकहून इथवर धावली आणि त्या काळची स्टेशनची इमारत अजून वापरात आहे. त्या गाडीला लोकांनी ‘श्पानिश ब्र्योटली’ या इथल्या खुसखुशीत पदार्थाचं नाव दिलं. झ्युरिकच्या बड्या घरांत तो ताजा हवा म्हणून नोकरांना रात्रीच पायी निघावं लागे, असं सांगतात.

तिथून टेकडीवरच्या श्टाइन किल्ल्याच्या अवशेषांकडे चढा. हाब्सबुर्ग राजघराण्याचा हा किल्ला स्विस संघाने १४१५ मध्ये जिंकून पाडला. पुढे पुन्हा बांधलेला किल्ला १७१२ मध्ये झ्युरिक आणि बर्न यांनी उद्ध्वस्त केला. मधल्या काळात स्विस प्रांतांचे प्रतिनिधी याच गावात बैठकीला जमत. ते दालन नगरपालिकेच्या इमारतीत आजही आहे, ते टाळू नका. खाली छताचा लाकडी पूल ओलांडला की पलीकडे सुभेदाराचा वाडा, आता तिथे संग्रहालय आहे.

परतताना नदीकाठाने गरम झऱ्यांच्या वस्तीत या. रोमन लोक या जागेला आक्वे हेल्व्हेटिके म्हणत. पाणी उगमापाशी ४७ अंशांचं असतं. महागडं स्नानगृह आहेच, पण नदीकाठी सगळ्यांना खुली, फुकट कुंडंही आहेत. पोहण्याचे कपडे घालून बसा, साबण लावू नका, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येऊन थोडा वेळ थांबा, नाहीतर चक्कर येते. पाण्यात गंधक आहे, तेव्हा चांदीची पैंजणं आणि जोडवी आधी काढून ठेवा. काळी पडलीच तर अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून वर खायचा सोडा टाका आणि गरम पाणी ओता, पाच-दहा मिनिटांत बराच काळेपणा जातो. खडे बसवलेले दागिने मात्र असे धुऊ नका.