अणुवीज केंद्रात कामाला निघालेल्या सीमाभागातल्या मुलांसाठी

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं भेटली की हमखास विचारतात, "मामा, अणुकेंद्रात कामाला जावं काय? रेडिएशनचं काय?" मी फिटर. सुरुवात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत झाली. मग ठेकेदाराकडून एका अणुवीज केंद्रात शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी युनिट बंद ठेवतात तेव्हाच्या, कामाला गेलो, तिथेच टिकलो आणि पुढे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सुरक्षा समितीत बसलो. केंद्राचं आणि ठेकेदाराचं नाव इथे घेत नाही. जा, पण तिथली युनियन आणि व्यवस्थापन सुरक्षेबाबत एकमेकांशी कसं बोलतात हे पहिल्या आठवड्यातच समजून घ्या, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. का, ते खाली येईलच.

आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र कैगा. सीमाप्रश्नात कारवार, सुपा, हल्याळ ही नावं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाजवळ ते आहे. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला की कद्रा. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, म्हणून रुजू व्हायची तारीख जुलै-ऑगस्टातली असेल तर आदल्या दिवशीच निघा. २२० मेगावॉटची चार युनिटं तिथे आहेत. पहिली दोन २००० साली, तिसरं २००७ साली आणि चौथं २०११ साली व्यापारी उत्पादनात आलं. पहिलं युनिट २०१८ च्या डिसेंबरअखेर थांबलं तेव्हा ते सलग ९६२ दिवस चाललेलं होतं. आता ७०० मेगावॉटच्या आणखी दोन युनिटांचं काम हाती घेतलेलं आहे, म्हणजे फिटर, वेल्डर, रिगर (जड सामान उचलून बसवणारे) यांना मागणी राहणार.

आत जायच्या वाटा मुख्यतः दोन. एक, न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनची स्टायपेंडरी ट्रेनी भरती: डिप्लोमा किंवा बीएस्सीवाल्यांसाठी एक गट, आयटीआय किंवा बारावी सायन्सवाल्यांसाठी दुसरा. दोन, ठेकेदाराकडून. दोन्हीकडे पोलीस व्हेरिफिकेशन आणि मेडिकल झाल्याशिवाय गेटपास मिळत नाही. आपल्या भागातल्या मुलांचं घोडं इथेच अडतं. शाळेचा दाखला कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. अर्ज भरण्याआधी सगळीकडचं नाव एकसारखं करून घ्या. नंतर गेटवर उभं राहून हे काम होत नाही.

आता डोस. शरीराला किती किरणोत्सर्ग लागला याचा हा हिशेब, मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, घालून दिलेली मर्यादा अशी: पाच वर्षांत मिळून १००, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तात्पुरत्या कामगारांसाठी वर्षाला १५. छातीवर टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत वाचला जातो आणि त्यावरचा आकडा तुमच्या नावावर कायमचा चढतो. सोबत एक डोसिमीटर मिळतं, त्यात तिथल्या तिथे आकडा दिसतो. आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ट्रिटियमही, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूपही, असतं. ते श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातं आणि टीएलडीला ते दिसत नाही. म्हणून लघवीचा नमुना द्यावा लागतो. नव्या पोरांना याचा कंटाळा येतो, काहींना लाजही वाटते.

कैगाचीच २००९ सालची गोष्ट घ्या. नोव्हेंबर महिन्यात पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं. कोणीतरी मुद्दाम केलेलं हे कृत्य, असं त्या वेळी अधिकृतपणे सांगण्यात आलं. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ट्रिटियम गेलं. ते उघडकीला कशामुळे आलं? नेहमीच्या लघवीच्या तपासणीतून. एरवी कोणाला पत्ताही लागला नसता. तेव्हा नमुना द्यायची वेळ टाळू नका आणि मुकादम "उद्या दे की" म्हणाला तरी आजच द्या.

खरी अडचण यापुढची आहे, आणि ती पैशाची आहे. ठेकेदाराच्या माणसाचा डोस मर्यादेजवळ आला की त्याला सक्रिय भागात, म्हणजे जिथे किरणोत्सर्ग असतो तिथे, जाता येत नाही. काम थांबलं की हजेरी थांबते, हजेरी थांबली की घरी पाठवायचे पैसे थांबतात. मग माणूस काय करतो? बॅज लॉकरमध्ये ठेवून आत जातो. जपानात फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतरच्या कामात एका उपठेकेदाराने कामगारांना डोसिमीटरवर शिशाचं आवरण घालायला लावल्याचं २०१२ साली उघड झालं. लोक म्हणतात, कामगार अडाणी, त्याला धोका कळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्याला धोका चांगला कळतो, पण या महिन्याचं रेशन त्याला त्याहून जवळ दिसतं. मुळात पगाराची गाठ डोसशी बांधली की डोस लपवला जाणार, तुम्ही कितीही पोस्टर लावा.

ही गाठ युनियन एकटी सोडवू शकत नाही आणि व्यवस्थापनही एकटं सोडवू शकत नाही. आमच्याकडे ती समितीत सुटली. डोस भरत आलेल्या ठेक्याच्या कामगाराला घरी न पाठवता वर्कशॉपमध्ये, स्टोअरमध्ये किंवा मॉकअपवर, म्हणजे सरावासाठीच्या नकली मांडणीवर, शिकवायला घ्यायचं आणि हजेरी चालू ठेवायची, असं ठरलं. ठेक्याच्या पुढच्या निविदेत ती अटच घातली गेली. त्यानंतर माणसं स्वतःहून येऊन "माझा आकडा वाढालाय, बघा" असं सांगू लागली. व्यवस्थापनाचा यात तोटा नव्हता. अनुभवी फिटर टिकला, आणि नवा माणूस मॉकअपवर त्याच्याच हाताखाली तयार झाला.

सुरक्षा समिती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा ४१ जी हे कलम आलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती. त्याच वेळी ४१ एच आलं: जिवाला तातडीचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं, तर कामगार थेट किंवा समितीतल्या आपल्या प्रतिनिधीमार्फत ते व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालू शकतो. आता त्या अधिनियमाच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली आहे, तिच्यातही सुरक्षा समितीची तरतूद आहे. अणुऊर्जा विभागाच्या कारखान्यांत निरीक्षकाचं काम राज्य सरकारच्या फॅक्टरी खात्याकडे न राहता एईआरबीकडे आलं. हे लक्षात ठेवा. बेळगावच्या कारखान्यातून गेलेला माणूस सवयीने चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

समितीत काय चालतं याचं एक उदाहरण देतो. बॉयलर रूममध्ये एका पाइपलाइनची तपासणी करायची तर आधी त्यावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, काढावं लागायचं. पत्र्याला स्क्रू, तेही गंजलेले. रबरी हातमोज्यांवर दुसरे हातमोजे, मनगटाला टेप, तोंडावर मास्क, घामाने चष्म्यावर वाफ, आणि त्या अवस्थेत स्क्रूची खाच शोधायची. तपासणीपेक्षा पत्रा काढायलाच जास्त वेळ जायचा आणि डोस तिथेच लागायचा. हे काम करणारा एक लॅगर, जेमतेम आठवी शिकलेला, प्रतिनिधीकडे येऊन म्हणाला, "याला डब्याच्या झाकणासारखी कडी लावा की. फट्‍दिशी निघंल." प्रतिनिधीने ते समितीत मांडलं. मेंटेनन्सच्या इंजिनिअरने आधी नाक मुरडलं, हेल्थ फिजिक्सच्या, म्हणजे किरणोत्सर्गावर नजर ठेवणाऱ्या विभागाच्या, माणसाने मात्र मॉकअपवर घड्याळ लावून मोजून पाहिलं. पुढच्या शटडाऊनला तिथे क्लिपवाले पॅनेल बसले आणि त्या कामाचा एकूण डोस निम्म्याहून खाली आला. शक्य तितका डोस कमी ठेवा, असं प्रत्येक केंद्रात इंग्रजीत लिहिलेलं असतं. तो कमी होतो तो अशा कड्यांनी, आणि कडी सुचते ज्याच्या हातात पाना आहे त्याला.

आपल्याकडे युनियन म्हटलं की मोर्चा, घेराव, संप हेच डोळ्यापुढे येतं. निपाणीच्या विडी-तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधून मजुरी वाढवून घेतली, त्याचा मला अभिमान आहे. पगारासाठी जरूर भांडावं. पण सुरक्षा आणि पगार एका बैठकीत आणू नये, असं माझं ठाम मत आहे. डोसमागे भत्ता मागणारी युनियन मला मान्य नाही, कारण मग कामगारालाच जास्त डोस हवासा वाटतो. तसंच, "एवढं कामाचं परमिट लवकर मोकळं करा, बोनसचं बघू" म्हणणारा मॅनेजरही मान्य नाही. आमच्या समितीत एक रिवाज होता: पगाराची बोलणी फिसकटलेली असोत, बाहेर काळ्या फिती लागलेल्या असोत, समितीची बैठक ठरल्या दिवशी व्हायची आणि तिथे फितीचा विषय कोणी काढायचा नाही. हा रिवाज दोन्ही बाजूंनी पाळला, म्हणून दोघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचं उदाहरण मी बैठकीत नेहमी द्यायचो, कारण त्यांच्या अणुभट्ट्या आपल्यासारख्याच जड पाण्याच्या आहेत. तिथल्या कायद्यात संयुक्त समितीत निम्मे तरी कामगार हवेत. प्रशिक्षण घेतलेला कामगारांचा एक आणि मालकाचा एक, असे दोघे सदस्य मिळून धोकादायक काम जागेवर थांबवू शकतात. तिथल्या वीजकामगारांची संघटना मजबूत आहे, तरीही २००९ साली ब्रूस केंद्राच्या दुरुस्तीत शेकडो लोक अल्फा किरणोत्सर्गी धुळीच्या संपर्कात आले. जुन्या फीडर नळ्यांवरच्या कामात धूळ उडाली होती आणि तिथे असलेल्यांत बहुतेक बाहेरून आणलेले कंत्राटी कामगार होते. समिती कागदावर कितीही चांगली असली तरी ठेक्याचा माणूस तिच्या बाहेर राहिला तर भगदाड तिथेच पडतं. आपल्याकडे तर शटडाऊनच्या दिवसांत आत जास्त गर्दी ठेक्याच्या माणसांचीच असते. म्हणून तुम्ही ठेकेदाराकडून गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: समितीत आमच्या वतीने कोण बसतं? उत्तर नाही मिळालं, तर कायम कामगारांच्या युनियनच्या माणसाला गाठा. बरेच जण ऐकून घेतात.

इथे आपल्या सीमाभागातल्या मुलाला एक फायदा आहे. टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं, हिंदीत होतो, परमिट इंग्रजीत असतं, स्थानिक कामगार कन्नड किंवा कोकणी बोलतो, शेजारचा वेल्डर झारखंड नाहीतर ओडिशाचा. खानापूरच्या पोराला मराठी, कन्नड, हिंदी या तिन्ही भाषा बाजारात फिरून येतात. आमच्याकडे सकाळच्या बोलण्यानंतर सुपरवायझर विचारायचा, "समझ गए?" आणि सगळे माना डोलवायचे. मग आम्ही पद्धत बदलून घेतली: गटातल्या एकाने आजचा धोका आणि बाहेर पडायची वाट आपल्या भाषेत परत सांगायची, त्याशिवाय परमिटवर सही नाही. त्या वेळी दुभाषी म्हणून बहुतेक आपलीच पोरं पुढे यायची, आणि त्यांच्यातूनच पुढे प्रतिनिधी निवडले गेले. भाषेवरून गावाकडे जे काही चालू असेल ते असो, तिथे ज्याला चार भाषा येतात त्याचं म्हणणं लोक ऐकतात.

धोका दिसला तर कसं बोलायचं, तेही सांगतो. "भीती वाटते" एवढंच म्हटलं तर विषय तिथेच बुडतो. काय दिसलं, कुठे, किती वाजता, परमिट नंबर काय आणि डोसिमीटरवर किती आकडा होता, एवढं सांगा. फोरमनला तोंडी सांगा आणि त्याच पाळीत प्रतिनिधीला चिठ्ठी द्या. चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पण आत मोबाइल चालत नाही, आणि सक्रिय भागातला कागदही तपासणीशिवाय बाहेर नेता येत नाही, म्हणून बाहेर आल्यावर लगेच लिहून काढा. बाहेर पडताना हातापायाच्या मॉनिटरवर घंटा वाजली तर घाबरून मागच्या मागे पळू नका. जागेवर थांबा आणि हेल्थ फिजिक्सच्या माणसाला हाक मारा. धुऊन निघतं ते बहुतेक वेळा.

शेवटचं एक कागदी काम. ठेका संपला की पीएफचा नंबर सगळे आठवणीने घेतात, डोसची नोंद कोणी मागत नाही. ती लेखी मागून घ्या. देशभरातल्या अशा कामगारांच्या डोसची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राकडे राहते आणि त्यात तुमचा स्वतंत्र क्रमांक असतो. पुढे तारापूरला जा, रावतभाट्याला जा किंवा परत कैगाला या, हजर व्हायच्या दिवशीच तो क्रमांक आणि आधीचा आकडा तिथल्या हेल्थ फिजिक्सच्या कचेरीत द्या. क्रमांक बरोबर असला की मागचा डोस पुढच्या हिशेबात धरला जातो.